पहिला नग

ब्रह्मदेवाने पृथ्वी घडवल्यावर पहिला नमुना तपासणीसाठी माझ्या साडूंकडे पाठवला असता, तर आपण सगळे अजून जन्माला यायची वाट पाहत बसलो असतो. साडूंनी ती उजेडाकडे धरून फिरवली असती, दोन्ही टोकांना चपटी आहे म्हणून तिच्यावर लाल फुली मारली असती आणि ब्रह्मदेवाला शांतपणे विचारलं असतं, "घाई कामून केली? बरी जमत आली होती की." त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही यात अतिशयोक्ती वाटणार नाही. बजाजनगरात त्यांच्या गल्लीत तर हे कुणी खरं म्हणूनही ऐकून घेईल.

साडू वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग तिथे तयार होत. दर पाळीला यंत्रावरून उतरलेला पहिला नग तपासनिसाने मोजून, निरखून पास करायचा आणि मगच पुढची लाइन सुरू करायची, असा तिथला नियम. इतर तपासनीस हा नियम संध्याकाळी फाटकापाशी ठेवून घरी येत. साडू तो जेवणाच्या डब्यासोबत घरी आणत. तव्यावरची पहिली भाकरी ते आधी दोन्ही बाजूंनी पाहत, कडा बोटाने चाचपत आणि मग मान हलवत. तोवर दुसरी भाकरी थापायची नाही. दिवाळीच्या पहिल्या चकलीची जाडी त्यांनी व्हर्नियरने मोजल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा नव्या न्हाव्याकडे गेले, तर अर्धा गाल झाल्यावर त्याला थांबवून आरसा मागितला, गालावरून हात फिरवला आणि "हं, चालू करा पुढं," म्हणाले. न्हावी तिथला जुना माणूस असता तर त्याने त्यांना तसंच अर्धवट घरी पाठवलं असतं.

अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हे सगळं तीस वर्षं सोसत होत्या. सोसत होत्या म्हणणंही खरं नाही. त्या मधूनच स्वयंपाकघरातून आवाज देत, "भाकर पास झाली का? का साहेब बोलावू वरचे?" साडू उत्तर देत नसत. तपासणी चालू असताना बोलायचं नाही, हाही नियमच होता.

त्यांच्या धंद्यात 'डेव्हिएशन' नावाची एक चिठ्ठी असते. माल थोडा चुकला आहे, पण काम भागण्यासारखं आहे, तर चुकीसकट पास करा, अशी ती विनंती. चिठ्ठीवर 'कारण' म्हणून एक रकाना असतो. त्यात उत्पादनाकडचे साहेब वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आले : 'बदली नग उपलब्ध नाही.' या वाक्याचा साडूंना मनापासून राग. "उपलब्ध नाय म्हंजी काय? बनवा की. कारखाना काय भजे तळायला काढलाय?" सगळ्या नोकरीत त्यांनी असल्या एकाही चिठ्ठीवर सही केली नाही. साहेब लोकांनी गोड बोलून पाहिलं, दमात घेऊन पाहिलं. बरोबरीचे तपासनीस सह्या करत करत केबिनमध्ये जाऊन बसले आणि साडू आपले शेवटपर्यंत त्याच टेबलाशी उभे राहिले. याचं त्यांना दुःख नव्हतं. केबिनमधल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, एवढंच ते सांगत.

अशा माणसाकडे मी कॅमेऱ्याचा सल्ला मागायला गेलो. मी शाळेत भूगोल शिकवतो. चाळिशी उलटल्यावर मला फोटो काढायची हौस लागली आणि मोबाइलवर मन भागेना. एक दिवस घरात म्हणालो, आता एखादा सिरियस कॅमेरा घ्यावा. बायको म्हणाली, "सिरियस हा शब्द आपल्यात फक्त दवाखान्यात वापरतात." तरी ती पुढे म्हणाली की भावजींना विचारा, त्यांना त्यातलं सगळं कळतं. ते खरंच होतं. साडूंना कॅमेऱ्यातलं सगळं कळायचं, फक्त त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. पंधरा वर्षं ते स्वतःसाठी निवडत होते आणि अजून एकही पास झालेला नव्हता.

"घेऊ," ते म्हणाले, "पण मास्तर, आधी बघायला शिका." असं म्हणून त्यांनी कुणाची तरी जाड लग्नपत्रिका घेतली, मधोमध ब्लेडने चौकट कापली आणि माझ्या हातात दिली. तीन महिने हाच कॅमेरा. एक डोळा मिटायचा, पत्रिका दुसऱ्यासमोर धरायची आणि काय आत घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं ते ठरवायचं. मी मुकाट्याने गुलमंडीवर, पाणचक्कीपाशी, शाळेच्या मैदानावर पत्रिकेतून जग पाहत हिंडलो. भाजीवाल्या मावशींनी मोतीबिंदू कधी पिकला म्हणून विचारलं. एका ओळखीच्या गृहस्थांना वाटलं मी लग्नाचं निमंत्रण द्यायला आलोय आणि पत्रिका हातात द्यायला संकोचतोय. त्यांनीच ती ओढून घेतली, चौकटीतून माझ्याकडे पाहिलं आणि "यात मुहूर्त कुठाय?" असं विचारलं.

तीन महिन्यांनी आम्ही शहागंजच्या बाजूला एका दुकानात गेलो. तिथले चाचा नवे-जुने दोन्ही कॅमेरे विकत. दोन कंपन्यांतला कुठला घ्यावा, या प्रश्नात माझ्या शाळेतल्या दोन शिक्षकांचं बोलणं बंद झालं होतं. साडूंनी तो प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवला. "हातात धरा. बोटं कुठं आपोआप जातेत ते बघा. तीच कंपनी. बॉडी म्हंजी बैलगाडीची गाडी, मास्तर. आज हाय, पाच वर्सांनी दुसरी. बैल बघून घ्यायचा असतोय. लेन्स बघा." मला हे इतकं पटलं, की पाच मिनिटांत सगळं आटोपून बाहेर चहा घेऊ, असं वाटायला लागलं.

मग बैल बघणं सुरू झालं. त्यांनी चाचांच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, तिपाई मागितली आणि एकेका लेन्सने त्या पानाचे फोटो काढले. मग खिशातून कारखान्यातलं भिंग काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर चारी कोपऱ्यांतली अक्षरं वाचायला सुरुवात केली. "दोन खोल्या भाड्याने देणे, हे नीट वाचता येतंय. म्हैस विकणे, हे पुसट हाय. ही लेन्स म्हशीपर्यंत जाऊन थकते." चार शनिवार आम्ही त्या दुकानात गेलो. चौथ्या शनिवारी चाचांनी चहा मागवणं बंद केलं आणि विचारलं, "साब, एक बात पूछूँ? भाभी को भी ऐसाइच नाप के लाए थे क्या?"

साडूंनी भिंग डोळ्यावरून न काढता उत्तर दिलं, "नै चाचा. वो वालिद साब ने पास किए थे. मैं तो देखाच नै था." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, जरा हळू आवाजात म्हणाले, "तेवढा एकच नग तपासल्याबिगर आला बघा."

शेवटी पन्नास मिलिमीटरची, जवळ-लांब न होणारी साधी लेन्स पास झाली. जवळचं-लांबचं करणारी झूम लेन्स मला हवी होती. नवशिक्याला तीच सोयीची, असं चाचाही म्हणाले. साडूंनी ती परत पेटीत ठेवली. "पाय हायेत ना? मोठं पाहिजे तर पुढं सरा, बारीक पाहिजे तर मागं सरा. झूम देवानं दिलंय. ही लेन्स तुम्हाला आळशी होऊ देणार नाय." दुकानातून निघताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला : पहिला फोटो ते पास करतील, तोवर दुसरा काढायचा नाही. मी तो आनंदाने दिला. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'पास' हा शब्द मी भाकरी आणि चकलीबद्दलच ऐकला होता. तो एकदा माझ्याबद्दल ऐकायचा, अशी मला एखाद्या विद्यार्थ्यासारखी ओढ लागली होती. बी.एड.च्या निकालाच्या वेळीही इतकी नव्हती.

पहिला फोटो कुणाचा, यावर वाद झाला नाही. मी अक्कांचा काढणार होतो. याला कारण होतं. त्यांच्या घरात अक्कांचे फोटो होते, पण एकाही फोटोत त्या हसत नव्हत्या. मागून आणलेल्या कॅमेऱ्याने का होईना, साडू फोटो काढत ते अर्धा अर्धा तास मांडणी करून. पदर एक बोट वर, हनुवटी दोन सूत खाली, मागचं कॅलेंडर सरळ. तोवर अक्कांचा चेहरा आधार कार्डावरच्यासारखा होऊन जाई. साडू तो फोटो पाहून म्हणत, मापात आहे.

रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन बजाजनगरात गेलो. साडू दूध आणायला गेले होते. अक्का स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर चौकटीत अक्कांचं फक्त नाक आणि नथ. ती लेन्स घरात फारच जवळचं दाखवत होती आणि झूम देवाने दिलेलं होतं. मी एक पाऊल मागे गेलो. मग दुसरं. "अजून मागं या, मास्तर," अक्का म्हणाल्या, "दाराबाहेर लई जागा हाय." मी स्वयंपाकघरातून बैठकीत आलो, बैठकीतून उलट्या पावलांनी गॅलरीत. आता अक्का पूर्ण मावल्या, असं वाटलं तेवढ्यात माझा डावा पाय कापडं भिजवलेल्या बादलीत गेला आणि मी त्याच स्थितीत मटकन खाली बसलो. गंमत बघायला लसूण हातात घेऊनच दारापर्यंत आलेल्या अक्का मोठ्याने हसल्या. तेवढ्यात माझं बोट दाबलं गेलं आणि फोटो निघाला.

साडूंनी आल्यावर माझी चौकशी केली नाही, फोटोची केली. मी दोन दिवसांनी प्रिंट काढून आणली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. फोटोत अक्का दाराच्या चौकटीला धरून, मान मागे टाकून, डोळे मिटून हसत होत्या. हातातल्या लसणाच्या पाकळ्या सांडत होत्या. मला तर तो अजूनही मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो वाटतो.

"हात हाललाय," साडू म्हणाले. "डोळा शार्प नाय. कोपर कापलंय. मागं कॅलेंडर वाकडं." आणि त्यांनी खिशातला लाल पेन काढून कोपऱ्यात फुली मारली.

मला राग आला. खरं तर वाईट वाटलं. अक्का म्हणाल्या, "अहो, माणूस पडला, त्यात आला फोटो, आन् तुम्ही कॅलेंडर बघता?" साडू म्हणाले, "पडल्यानं माप बदलत नस्तंय." मी प्रिंट पिशवीत टाकली आणि घरी येऊन कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात मी ओट्यावरच्या कुकरचा फोटो काढून नेला. कुकर हलला नाही, हसला नाही, त्याला कोपर नव्हतं. साडूंनी शिट्टीवरची अक्षरं भिंगातून वाचली आणि म्हणाले, "पास. लाइन चालू करा." ज्या शब्दासाठी मी तीन महिने पत्रिका डोळ्याला लावून हिंडलो, तो असा कुकरला मिळाला.

त्यानंतर सहा-सात वर्षं मी फोटो काढत राहिलो आणि दर रविवारी ते लाल-हिरव्या खुणा करत राहिले. हिरव्या फार थोड्या. जायकवाडीवरच्या पक्ष्यांचे ठिपके, वेरूळचे खांब, माझ्या मुलीचं बक्षीस, सगळं त्या भिंगाखालून गेलं. हळूहळू माझा हात स्थिर झाला, कोपरं कापणं थांबलं. हे श्रेय त्यांचं आहे आणि ते मी त्यांना तोंडावर कधी दिलं नाही, याची चुटपुट वाटते.

मग साडू निवृत्त झाले आणि दोघांनी पाचोडला गावाकडच्या घरी राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायच्या दिवशी मी मदतीला गेलो होतो. टेम्पोत शेवटची पेटी चढवल्यावर ते माझ्याजवळ आले आणि दोरीची गाठ तपासत म्हणाले, "मास्तर, तो रिजेक्ट नग टाकून तर नाय दिला?"

"कुठला?"

"लसणाचा."

तो मी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पाठवून दिला. त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, कारखान्याच्या नियमाप्रमाणे रिजेक्ट माल त्यांनी मोडीत काढला असेल.

दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेलो. साडू बाजारात एकेक वांगं उजेडाकडे धरत होते, म्हणून मी सरळ घरी गेलो. अक्कांनी पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर चांगल्या लाकडी चौकटीत तो फोटो टांगला होता. लाल फुली तशीच होती.

"येईल त्या पाहुण्याला दाखवतेत," अक्का म्हणाल्या. "म्या म्हन्लं, ती फुली तरी पुसा. तर म्हंतेत, रेकॉर्ड खोडायचं नस्तंय."

मी जवळ गेलो. काचेच्या आत, फोटोखाली, एक छापील चिठ्ठी डकवलेली होती. कारखान्यातून येताना एवढा एकच कोरा कागद त्यांनी आणला असावा. वर 'डेव्हिएशन' असं छापलेलं. खाली त्यांच्या सुबक अक्षरात चारही दोष क्रमाने लिहिलेले होते : हात, डोळा, कोपर, कॅलेंडर. त्याखाली 'मंजूर', आणि सगळ्या नोकरीत कुणाला मिळाली नव्हती ती त्यांची सही. शेवटी तो 'कारण' नावाचा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं होतं : 'बदली नग उपलब्ध नाही.'