ड्रॅगनला ताटकळत ठेवणारे गृहस्थ

स्टीलच्या वाटीत फासा पडल्याचा तो आवाज अजून कानात आहे: आधी टणत्कार, मग काठावरून गरगरत उतरणारी बारीक किणकिण, आणि ती विझायच्या आत माझ्या नणंदेच्या यजमानांचा प्रश्न. या भूतलावरच्या आणि भूतलाखालच्या सर्व काल्पनिक गुहांत मिळून असा एकही राक्षस नसेल, ज्याला या गृहस्थांनी ताटकळत ठेवले नाही.

ते मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी स्थिरावले, तरी गाडी सुटण्यापूर्वी पेटीतले झेंडे, दिवा, शिट्टी चाचपून पाहण्याची सवय बोटांत उरली होती. अशा माणसाला त्यांच्या लेकीने आपल्या रविवारच्या खेळात ओढले. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून रचायची गोष्ट. एक जण ती सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात, आणि तलवारीचा वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. सांगायची ती लेक. बीरगावच्या कारखान्यात काम करणारे तिचे दोन मित्र स्कूटरवर येत. एक जादूगार, दुसरा तलवारबाज. एक जागा रिकामी होती म्हणून माझ्या पाठीवर वीणा देऊन मला भाट केले गेले. यजमानांनी साधा पहारेकरी घेतला आणि चालताना रांगेत शेवटची जागा मागून घेतली. गार्ड शेवटच्याच डब्यात असतो, यावर चर्चा नव्हती.

इतर लोक या खेळात पराक्रम शोधतात; यजमान सामान शोधत. नियमांच्या जाडजूड पुस्तकात ‘दोर, पन्नास फूट’ असे छापले होते. एवढ्यावर विहिरीत उतरायला आम्ही तयार झालो होतो. त्यांनी ओळीवर बोट ठेवले. “मले हे सांग, गाठ मारल्यावर किती उरते?” लेक मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी. “पापा, गाठ का कोई रूल नहीं है.” “काहून नाही? लटकलेला माणूस तर गाठीच्याच भरवशावर असते.” तिने हार मानली आणि गाठीपुरता दोर वजा केला. त्या दुपारी आम्ही सगळे विहिरीच्या तळापासून हातभर वर लोंबकळत राहिलो, आणि सर्वांत समाधानी चेहरा त्यांचाच होता.

जादूगाराने एकदा एका हातात काठी आणि दुसऱ्यात कंदील धरून मंत्र म्हटला. यजमानांनी मृदुपणे विचारले, “मंत्राले हाताची मुद्रा लागते म्हणता. तिसरा हात कुठून आणून राहिला, बेटा?” काठी काखेत मारून त्या बिचाऱ्याने पुढचे सारे युद्ध निभावले. तलवारबाज अदृश्य झाला की त्याच्या हातातला कंदीलही दिसेनासा होतो, उजेड मात्र दिसत राहतो, हा निकाल लागेपर्यंत चहा दोनदा झाला. माझ्या वीणेलाही त्यांनी सोडले नाही. “वहिनी, गुहेत ओल असते. तारा उतरतील तुमच्या. सुकं फडकं घेतलं का?” माझ्या कवितांत मी आजवर कितीतरी वीणा छेडल्या होत्या, फडके एकदाही घेतले नव्हते.

बेसनाच्या तळलेल्या ठेठरीची खमंग ताटली टेबलावर ठेवताना नणंद म्हणे, “घरचं सिलिंडर संपलं तं यांले पत्ता नसते, अन् तिथल्या मशालीचं तेल मोजून राहिले.” ते शांतपणे सांगत, “घरात तू हायेस. गुहेत कोण हाये?”

मग लेकीला बंगळुरूची नोकरी लागली. जाण्यापूर्वी गोष्ट पुरी करायची, असे तिने जाहीर केले. आम्ही ड्रॅगनच्या गुहेच्या तोंडाशी पोचलो होतो. आत शिरून लढणे तेवढे उरले होते. त्याच दुपारपासून यजमानांच्या प्रश्नांना पूर आला. सामानाचे गाढव आत न्यायचे की बाहेर बांधायचे, बांधले तर चारा कोणाच्या पाठीवरून आणायचा, चिलखत घालून झोपल्यास विश्रांती धरायची का. रविवारामागून रविवार सरले. खिडकीतून बूढा तालाबाचा शेवाळी, कोमट वास आत येई, पडदा फुगून पुन्हा जाळीला चिकटे, आणि आम्ही गुहेबाहेरच्या त्याच दगडावर बसून असू. “अंकल, ड्रैगन रिटायर हो जाएगा,” जादूगार कुरकुरला. “होऊ दे. रिकामं बसनं काय असते, कळन त्याले.”

त्यामागचे कारण टेबलाभोवती प्रत्येकाला कळले होते. गुहेत शिरले की गोष्ट संपणार, आणि गोष्ट संपली की लेक जाणार. आयुष्यभर गाड्यांना हिरवी झेंडी दाखवलेला तो हात या एका गाडीसाठी वर उचलत नव्हता. लेकही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधत राहिली, जरा सावकाशच.

अखेरच्या रविवारी तिच्या बॅगा दाराशी उभ्या होत्या. यजमानांनी पुस्तक मिटून तिच्यापुढे सरकवले. “एकच विचारतो. सांगणारंच उठून गेलं, तर गोष्टीतली माणसं कुठं राहतात? नियम काय हाये?”

तिने पुस्तक उघडले नाही. “रूल नहीं है, पापा,” ती म्हणाली, आणि मग, त्या टेबलावर प्रथमच, मराठीत: “मंग दुसरं कोणी सांगते.”

त्यांनी मान डोलावली. तेल, दोर, चारा, कशाचीही चौकशी न करता ते म्हणाले, “चाला,” आणि आम्ही आत शिरलो. ड्रॅगन फार वेळ टिकला नाही. इतकी वाट पाहून तोही थकला असावा.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी समता कॉलनीतल्या माझ्या घरून निघाले ते केवळ नणंदेजवळ बसावे म्हणून. पाहते तो टेबल ओल्या फडक्याने पुसलेले, दोन्ही मित्र आपापल्या जागी बसलेले, आणि यजमान टोकाच्या खुर्चीत. लेकीची खुर्ची मोकळी होती. मी माझ्या नेहमीच्या जागेकडे वळले, तसे ते उठले, ती मोकळी खुर्ची त्यांनी माझ्यासाठी मागे ओढली आणि पुस्तक तिच्यासमोर आणून ठेवले. मला यातले एकही पान समजत नाही, असे मी म्हणणार होते. ते परत जागेवर गेले, मांडी सावरून बसले, आणि शाळेतल्या मुलासारखे माझ्याकडे पाहत म्हणाले, “सांगा.”