दाखल्यासाठी मागे घेतलेलं निवेदन

चार ओळींचा अर्ज लिहायचा होता. मी दोन पानांचं निवेदन लिहिलं. न्यूक्लिअर मेडिसिनची जागा हातची जायची वेळ आली ती एवढ्यावरून.

आधी जागेचं सांगते. एमबीबीएसनंतर बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष मी गगनबावड्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. तिथं एक बाई यायची. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, त्यानंतर शहरात किरणोत्सारी आयोडीन दिलेलं. घरी सोडताना तिला एवढंच सांगितलं, की पोराबाळांपासून थोडे दिवस लांब राहा. थोडे म्हणजे किती, आणि का, हे कुणी बोललं नाही. घरच्यांनी तिला चार महिने गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. ताट उंबऱ्यावरून आत सरकवायचे. मी त्या घरावर भडकले, शहरातल्या डॉक्टरांवर भडकले, आणि मग लक्षात आलं की नेमके किती दिवस ते मलाही माहीत नव्हतं. पुस्तक काढून बघावं लागलं. माझा विषय त्या दिवशी ठरला: न्यूक्लिअर मेडिसिन, किरणोत्सारी औषधांचं शास्त्र.

वडिलांना सांगितलं. ते शिरोळचे, ऊस सोडून दुसऱ्या कशावर त्यांचा फारसा विश्वास नाही.

"न्यूक्लिअर म्हंजे बाँबचं न्हवं?"

"नाही, कॅन्सरचं. थायरॉइडचं."

"मग हाडाची डॉक्टर हो की. लोकं पडत्यात, मोडत्यात. कायम चालणारा धंदा हाय."

पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दोनदा दिली, दोनदा जागा हुकली. या विषयाच्या जागाच मोजक्या. तिसऱ्या खेपेला, एका सोमवारी यादी लागली आणि पुण्यातल्या एका कॉलेजापुढं माझा क्रमांक दिसला. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. सगळे कागद होते. नव्हता फक्त बंधपत्राची सेवा पूर्ण केल्याचा दाखला. तो कोल्हापूरच्या जिल्हा आरोग्य ऑफिसातून मिळणार होता.

आता माझी चूक. विद्यार्थी संघटनेत मी पाच वर्षं पत्रकं लिहिली. होस्टेलच्या पाण्यासाठी लिहिली, विद्यावेतनासाठी लिहिली. हात त्याच वळणाचा झालेला. मागायला बसले की 'विषय', 'संदर्भ', 'अन्यथा तीव्र आंदोलन' आपोआप उतरतं. दाखला मागताना मी केंद्राचंही सगळं लिहून टाकलं. रुग्णवाहिका उभी आहे पण ड्रायव्हर नाही. बाळंतपणाच्या खोलीतला इन्व्हर्टर बंद आहे, सिस्टर बॅटरीच्या उजेडात टाके घालतात. एक शब्द खोटा नव्हता. केंद्रातल्या सिस्टरनीही खाली सही केली होती. शेवटी नेहमीप्रमाणे: प्रत माहितीसाठी, जिल्हाधिकारी.

मंगळवारी त्या ऑफिसातल्या क्लार्कनं ते शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. जिल्हाधिकाऱ्यांपाशी थांबला. मग आवकचा शिक्का मारला, अगदी शांतपणे.

बुधवारी गेले तर म्हणाला, "मॅडम, तुमचं अभिप्रायाला गेलंय."

"भाऊसाहेब, दाखल्याला कसला अभिप्राय?"

"दाखल्याला न्हाय लागत. निवेदनाला लागतो. रुग्णवाहिकेचं वाहन विभागाला, इन्व्हर्टरचं भांडार विभागाला. दोघांचं आलं की साहेबांपुढं ठेवतो."

"किती दिवस?"

"तुम्हीच लिवलंय की, पंधरा दिवसात लेखी उत्तर द्यावे. देतो."

बाकावर बसलेला माणूस हसला. मलकापूरहून कसल्याशा बदलीसाठी आला होता. "ताई, सरकारला मुदत कशापायी दिलीसा? आता ते वापरणार की."

गुरुवारी मी ओरडले. ऑफिसात ओरडण्याचा मला सराव आहे. पण दरवेळी मागं चाळीस पोरं असायची. एकटीचा आवाज भिंतीला लागून परत येतो. खुर्चीतला एकही माणूस वळला नाही. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. रागानं नाही, भीतीनं. तिसरी खेप होती. चौथ्यांदा अभ्यासाला बसायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

शुक्रवारी दार उघडायच्या आधी मी उभी. क्लार्कला दया आली असावी, किंवा कंटाळा. म्हणाला, "निवेदन मागं घ्या, दाखल्याची मागणी त्यातच अडकलीया. मग साधा अर्ज द्या. साहेब आत हायत, दहा मिनिटांत सही आणतो."

"मागं घेते. कागद द्या."

"कारण लिवावं लागतंय. लिवा, तक्रारीचे निवारण झाल्याने."

"झालेलं नाही."

"मग राहू दे की."

मी सिस्टरना फोन लावला. सगळं सांगितलं.

"ड्रायव्हर आला व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग निवारण कसलं?" मागं बाळ रडत होतं. "लिवा मॅडम. पण माझं पण नाव घाला. तुम्ही सुटला आन् मी एकटीच त्या कागदावर ऱ्हायले तर साहेब मला धरतील."

मी लिहिलं. 'आम्ही दोघी, तक्रारीचे निवारण झाल्याने, सदर निवेदन मागे घेत आहोत.' अक्षर छान आलं. मग चार ओळींचा अर्ज. दाखला खरंच दहा मिनिटांत आला, गोल शिक्क्यासह. पुण्याच्या गाडीत मी तो मांडीवर धरून बसले, पिशवीत ठेवायचा धीर झाला नाही. पाचला वीस मिनिटं कमी असताना कॉलेजच्या खिडकीत कागद सरकवले. जागा मिळाली.

दोन महिन्यांनी सिस्टरनी पुन्हा तीच तक्रार केली, या वेळी एकटीनं. आलेल्या उत्तराचा फोटो मला पाठवला. सदर तक्रारीचे निवारण झाल्याचे तक्रारदारांनी स्वतः लेखी कळविले असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स जोडलेली.

तीन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. तो कागद खोटा होता असं लेखी दिलं तर त्याच ऑफिसाकडून माझ्या दाखल्यावर बोट ठेवलं जाईल, हे मला कळतं. अशा माणसाला मी पत्रकात काय म्हटलं असतं, तेही कळतं. आणि जागा सोडायची माझी तयारी नाही.