वहिनी का हसली

“शेळ्याच राखायच्या न्हवं हिला? मग बोलाया कशाला पायजे?”

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्या बोलीची नक्कल करत म्हणाले. कंपाउंडर हसला. वहिनीही हसली, तोंडाला पदर लावून. मोठा माणूस चेष्टा करतो तेव्हा हसायचं, एवढंच आम्हाला माहीत.

राणी माझ्या दादाची मुलगी. दोन वर्षांची. तिचे शब्द जात होते. आधी ‘पानी’ गेलं. मग ‘दादा’. शेवटी ‘आये’ गेलं, तेव्हा वहिनी गोठ्यात जाऊन बसली. हाक मारली तर राणी वळायची नाही. ओढ्याकडून शेळीची घंटा आली की मात्र मान उचलायची. म्हणजे कान ठीक होते. वाड्यावर, आमच्या वस्तीत, सगळे म्हणाले, नजर लागली. मला भय होतं ते घरात वाढत चाललेल्या शांततेचं.

डॉक्टरांनी टॉनिक लिहिलं. पाच वर्षांची झाल्यावर बघू म्हणाले. मुलगी गप्प असलेली बरी, असंही. राणी त्यांच्या टेबलाखाली बसून स्टुलाचं चाक फिरवत होती. एकटक. त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नाही.

वहिनी उठली. “चला वन्सं.”

मी उठले नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, पण अशा माणसासमोर तोंड उघडायची सवय मलाही नव्हती.

“सर, तुम्ही तिला बघितलंच नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी द्या. तोवर मी उठत नाही.”

“कॉलेजला जातेस वाटतं?”

“हो.”

बाहेर रांग वाढली. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहून फेकली. ती फरशीवर पडली.

“हातात द्या,” मी म्हणाले.

त्यांनी उठून दिली.

पुण्यात एक डॉक्टर मॅडम राणीशेजारी खाली फरशीवर बसल्या. खूप वेळ. वहिनीला बारीकसारीक विचारलं. मग म्हणाल्या, ही स्वमग्नता आहे, ऑटिझम. आईची चूक नाही. शब्द परत येतीलच असं सांगता येत नाही. पण थांबू नका, उपचार आत्ताच सुरू करा.

परतताना कापूरहोळला एसटीची वाट बघत होतो. वहिनी म्हणाली, “म्या का हसले वं तवा?”

पलीकडच्या वाडीत एक पोर आहे. चवड्यांवर चालतं, हाकेला वळत नाही. त्याच्या आईलाही त्याच डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय. उद्या मी तिच्या दारात जाणार. हाकललं तर परवा. तिला घेऊन भोरच्या त्याच खोलीत चिठ्ठी मिळेपर्यंत बसणार. तिथं आता आमच्यातलं कोणी हसणार नाही.