रविंद्रच्या जीपचे ब्रेक

शोभाताईनं ब्रेक लावून नवऱ्याला मारलं, अशी कामठी रोडवर कुजबुज होती. म्हणजे असं, की जीपला ब्रेक तिनं स्वतःच्या हातानं बसवले, त्याच आठवड्यात रविंद्र झाडावर आदळून गेला, आणि तेरवी व्हायच्या आत बाईनं त्या जीपचे गॅसकटरनं तुकडे केले. चहाच्या टपरीवर हे सांगताना लोक आवाज खाली आणत. पण इतकाही खाली नाही, की पलीकडच्या बाकावर बसलेल्याची गैरसोय व्हावी.

शोभाताई यावर कधी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिचं मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचं दुकान होतं, सासऱ्याच्या हातचं. गिऱ्हाईक "थोडं कमी करा" म्हणालं की ही म्हणे, "कमीच पायजे तं पायी चाल." तरी लोक येत, कारण दुकानाला एक रीत होती. गाडीतून निघालेल्या डाव्या अंगाच्या भागावर पिवळा ठिपका, उजव्या अंगाच्या भागावर लाल. रंग पाहून बसवलेला माल परत आला, असं सासऱ्याच्या वेळेपासून कोणी म्हटलं नव्हतं. विधवा बाई लोखंडाले रोज हळदीकुंकू लावते, असंही टपरीवर हसून झालं होतं. तिनं ते ऐकलं आणि ठिपके आणखी मोठे केले.

दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून सासू बसे, सुमतीबाई. विकायला नाही, मोजायला. सून किती वेळा पाणी प्यायली, किती वेळा हसली, हे संध्याकाळपर्यंत टपरीला कळलेलं असे. आणि ती पहिली कुजबुज कोणाच्या तोंडून निघाली, हे विचारायला कोणी ज्योतिषी लागत नव्हता.

एक दिवस जुन्या महाल वस्तीतले मुकुंदराव आले. बापआजे राजांच्या दफ्तरात लेखणी चालवणारे, हे स्वतः कचेरीत फायली दाबून निवृत्त झालेले, आणि उतारवयात यांना लागला वेगाचा नाद. एक जुनी पण दांडग्या इंजिनाची लाल गाडी घेतली होती. ती सुटायची गोळीसारखी आणि थांबायची सरकारी कामासारखी, अर्ज केल्यावर, विचार करून. जड जीपचे ब्रेक हिला लावले की जागच्या जागी उभी राहील, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

आतल्या खांबाला रविंद्रच्या जीपचे दोन कॅलिपर टांगलेले होते. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्हीकडून चावून धरणारा लोखंडी जबडा. मुकुंदरावांचं बोट नेमकं तिकडेच गेलं.

"ते नोको देऊ वं," सुमतीबाई दारातून ओरडल्या. "त्यानंच माह्यं लेकरू खाल्लं."

शोभाताईच्या मनात ते विकायचं नव्हतंच. पण हे वाक्य गिऱ्हाइकासमोर पडलं आणि तिचा हात आपोआप खांबाकडे गेला.

"घेऊन जा, मुकुंदराव. जीप कापली तवा म्या पाहिले. एक नंबर हायेत."

गाडी समोरच्या रोहितच्या गॅरेजात गेली. रोहितला तिनं एकदा चारचौघात "पाना धरता येत नाई अन् मिस्तरी म्हणवते" असं सुनावलं होतं. त्याला ते अजून पचलं नव्हतं. त्यानं कॅलिपर चाकाशी धरून पाहिले आणि रस्ता ओलांडून आला.

"ताई, जीपमंधी हे चाकाच्या पुढच्या अंगाले असते. या गाडीत मागच्या अंगाले बसून राहिलं. डावं उजव्याले लावा लागते."

"माह्या रंगावर बोट ठेवतं का बे? पिवळं डावं, लाल उजवं. रंग पाहून लाव. अक्कल नोको लावू."

रोहित गोड हसला. "बरं. नाई लावत."

आणि त्यानं खरंच लावली नाही. कॅलिपर धरायला लेथवाल्याकडून लोखंडी ब्रॅकेट करून आणले, पिवळं डावीकडे, लाल उजवीकडे बसवलं. पेडल जरा मऊ लागतं, असं मुकुंदराव म्हणाले, तर "ताईचा माल हाय, ताईले विचारा" एवढंच बोलला. मुकुंदरावांना विचारायला कुठली सवड! ते गाडी घेऊन कन्हानकडे सुटले.

कन्हानच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. मुकुंदरावांनी पाय दाबला, पेडल तळाला टेकलं, आणि गाडी आपल्याच विचारात पुढे चालली. त्यांनी चाक वळवलं म्हणून म्हशी वाचल्या. गाडी कडब्याच्या गंजीत शिरली. एकाही म्हशीनं मान वळवून पाहिलं नाही म्हणतात.

दुपारी ट्रॅक्टरमागे बांधलेली गाडी दुकानासमोर आली. मुकुंदरावांच्या डोक्यात कडबा होता आणि तोंडात महालात कधी न बोललेले शब्द.

"बाई, मला मारायला दिले होते का हे? एका नवऱ्यावर भागलं नाही?"

इतके दिवस टपरीच्या वाफेत फिरणारी गोष्ट भर चौकात येऊन उभी राहिली. पानवाला, चहावाला, पंक्चरवाला, सगळ्यांचे हात थांबले. सुमतीबाई खुर्चीवरून उठल्या.

"मी सांगतच होती! ब्रेक नाई ते, काळ हाय! हिनंच लावला होता माह्या पोराले!"

ब्रेक वाईट ठरले तर शोभाताई उरलेला जन्म या रस्त्यावर नवरा मारलेली बाई म्हणून काढणार होती. तिनं रोहितकडे पाहिलं. तो तिच्याचसाठी थांबल्यासारखा, टॉर्च घेऊन चाकाखाली शिरला. चांगला सावकाश बाहेर आला.

"ब्रेक चांगले हायेत," तो मोठ्यानं म्हणाला.

"मंग?"

"तुमच्या रंगानं केलं, ताई. त्याच अंगाले पुढचं मागं नेलं का कॅलिपर उलटं होते. हवा काढाचं निप्पल वर पायजे, ते गेलं खाली. ब्रेक ऑइलातली हवा वरच्या वर अडकली. पाय देल्ला का हवा दबते, ब्रेक नाई." मग हात पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "आता तुम्हीच सांगा लोकाईले. ब्रेक खराब का रंग खराब?"

हरामखोरानं फास बरोबर विणला होता. रंग खरा म्हणावा, तर नवऱ्याच्या जीपचे ब्रेक खोटे. ब्रेक खरे म्हणावे, तर सासऱ्यापासूनची दुकानाची जबान गेली.

"रंग," शोभाताई म्हणाली.

कोणी काही बोलायच्या आत ती गर्दीवर उलटली. "काय पाहून राहिले बे? दंडारीचा खेळ हाय का इथं? रोहित, काढ. डावं उजव्याले लाव. अन् पेडलवर मी बसते."

मग रोहित चाकाशी आणि ती पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." निप्पलमधून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे निघत राहिले. शेवटी बुडबुडे संपले आणि पेडल पायाखाली दगडासारखं उभं राहिलं.

"आत्याबाई, बसा," शोभाताई सासूला म्हणाली.

"मी काहून बसू वं?"

"तुमच्या लेकाचे ब्रेक हायेत. बसा."

मुकुंदराव "गाडी माझी आहे!" म्हणून ओरडत राहिले. शोभाताईनं सासूला शेजारी बसवलं, दार ओढलं आणि गाडी सोडली. पेट्रोल पंपाच्या पुढे रस्ता मोकळा होता. तिनं वेग घेतला, सुमतीबाईंनी देवाचं नाव घेतलं, आणि तिनं पाय दिला. गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. सुमतीबाईंचा चष्मा काचेवर जाऊन आपटला.

"पाहिलं?"

सुमतीबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मंग माह्यं लेकरू कसं गेलं?"

शोभाताईनं तोंड उघडलं. सासूच्या चष्म्याशिवायच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "चष्मा उचला. उतराचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं ठिपका पाहून झाल्यावर वस्तू स्वतः उलटसुलट करून बघू लागली, आणि ती बघताना शोभाताईला दात खात उभं राहावं लागे. ब्रेकनं मारलं, असं मात्र कोणी म्हणेना. सुमतीबाईच सांगत, की ब्रेक चांगले होते, मी बसून पाहिले. आणि लगेच पुढे, की बाईनं डब्यातून काही खाऊ घातलं असंल.

खरं एवढंच आहे. अपघाताच्या सकाळी रविंद्र कन्हानच्या खाणीवर रात्रपाळी करून आला होता. काटोलला बहिणीकडे गेलेल्या सुमतीबाईंनी फोन केला, की मला आत्ताच्या आत्ता घ्यायला ये. म्हणून तो न झोपता निघाला. मागून येणाऱ्या संत्र्याच्या ट्रकवाल्यानं शोभाताईला सांगितलं होतं, की जीप हळूहळू रस्ता सोडून झाडाकडे गेली आणि तिचे ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. रविंद्रला झोप लागली होती.