अमेरिकेतला पहिला हिवाळा, मुक्काम पनवेल

समुद्र ओलांडून अमेरिकेत पहिल्यांदा राहायला गेलेल्या इंग्रजांशी ज्याचा रोजचा घरोबा होता, असा माणूस सबंध कुलाबा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो पनवेलला माझ्या आत्याच्या ओटीवर, झोपाळ्यावर बसलेला असे. हे आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. हयातभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. खाडीपलीकडे मुंबईलासुद्धा ते नाइलाज झाला तरच जात; पण तीनशे वर्षांपूर्वी अटलांटिकच्या पलीकडे कुणाच्या घरात खोकला चालू होता, कुणाची गाय जंगलात हरवली आणि कोणत्या पाद्र्याने कोणत्या रविवारी किती वेळ लोकांना उभं आडवं झोडपलं, हे ते शेजारच्या आळीतली बातमी सांगावी तसं सांगत. मी तेव्हा मुंबईला नोकरीत होतो. शनिवारी एस.टी.तून उतरून दारात पाय ठेवला की ते "कसा आहेस?" असं कधी विचारत नसत. "अरे, काल त्यांच्याकडे पुन्हा बर्फ पडला!" असं म्हणत, आणि मी बाहेर रणरणत्या उन्हाकडे बघत पायातल्या चपला काढी.

या सगळ्याचं मूळ एक पुस्तक. मुंबईला रद्दीवाल्याकडून व्याकरणाची पुस्तकं विकत घेताना त्यांच्या गठ्ठ्यात ते आलं. त्या वसाहतीतल्या लोकांनी लिहिलेल्या रोजनिश्या, प्रवचनं, कविता आणि रडगाणी, सगळं एकत्र बांधलेलं. पुढचं कव्हर नव्हतं, त्यामुळे छापलं कुणी हे कळायला मार्ग नव्हता. आणि शेवटची बरीच पानं गळाली होती, त्यामुळे त्यातल्या एका बाईचं काय झालं हेही कळायला मार्ग नव्हता. या बाईचा नवरा दाणागोटा आणायला परत विलायतेला गेलेला, इकडे हिवाळा आलेला, आणि बाई रोज किनाऱ्यावर जाऊन बोटीची वाट बघत रोजनिशी लिहिते आहे. नेमकी तिथेच पानं संपत. "हे बघ," आतोबा मला ती फाटकी कड दाखवीत, "बाई बर्फात उभी आहे आणि रद्दीवाल्यानं शेंगदाणे बांधले!"

त्या लोकांचे संस्कार आतोबांनी हळूहळू अंगी बाणवले. ते लोक म्हणे प्रत्येक गोष्टीत देवाचा हात बघत. वीज पडली, इशारा. भोपळा मोठा झाला, कृपा. आतोबांनी हे घरात लागू केलं. मांजराने दुधाचं पातेलं लवंडलं तेव्हा ते सकाळभर डोळे मिटून आपलं काय चुकलं याचा शोध घेत बसले. आत्या म्हणाली, "काय चुकलं ते मी सांगते. फडताळाचं दार उघडं टाकलंत." पुढे तर ते संकट आलं की 'उपासाचा दिवस' आणि संकट टळलं की 'आभाराचा दिवस' जाहीर करू लागले. कौलं फुटली, उपास. कौलं बदलणारा माणूस चक्क सांगितल्या दिवशी आला, आभार. आत्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक एवढाच की पहिल्याला साबुदाणा भिजवायचा आणि दुसऱ्याला पुरण शिजवायचं. "न बोलावता दुसऱ्याच्या देशात गेले," ती स्वयंपाकघरातून म्हणे, "आणि त्यांच्या उपासाचं कूट मी कुटतेय!"

आतोबांची एकच इच्छा होती. या लोकांबद्दल आपण एकदा गावासमोर बोलावं आणि गावानं ते ऐकावं. आयुष्यभर त्यांनी बोलत राहावं आणि समोरच्याला अचानक काही काम आठवावं, असंच होत आलेलं. टपालवाला त्यांची पत्रं शेजारी देऊन जाई. वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी ते दर वर्षी चिटणिसांना भेटत आणि दर वर्षी चिटणीस म्हणत, "मास्तर, विषय उत्तम. पण लोक बसायला हवेत ना." शेवटी एकदा वैतागून चिटणीसच म्हणाले, "असं करा, आधी घरी बोलवून दाखवा. मी स्वतः येतो. शेवटपर्यंत लोक बसले तर पुढच्या वर्षीचं पहिलं व्याख्यान तुमचं."

मी इतका पेटलेला माणूस त्यानंतर पाहिला नाही. त्यांनी ठरवलं की सगळं अगदी तिकडच्यासारखं करायचं. म्हणजे उपासाचा दिवस धरून लांबलचक प्रवचन. तिकडे पाद्र्यासमोर वाळूचं घड्याळ असे, वाळू संपली की तो ते उलटं करून पुन्हा सुरू होई. पनवेलला वाळूचं घड्याळ कुठलं? आतोबांनी भटजींकडून लग्नातलं घटिकापात्र मागून आणलं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, पाण्यात सोडली की भरत भरत बुडते; बुडली की मुहूर्त लागला. मग ते घरोघर आमंत्रण देत फिरले: "रविवारी सकाळी आमच्याकडे उपास आहे. जरूर या."

रविवारी ओटी भरली, पडवी भरली, लोक अंगणात उभे राहिले. आतोबांचे डोळे पाणावले. मला मात्र लोकांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे जाताना दिसत होत्या. मास्तरांकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, हे सगळ्या आळीला पाठ झालेलं. मी आत डोकावलो. चूल थंड. आत्या भिंतीला टेकून बसली होती. "आज काही करायचं नाही म्हणून शपथ घातलीय," ती कुजबुजली. "ते लोक उपासाला खरंच काही खात नसत म्हणे. मला आज कळलं."

वाटी पाण्यात सोडली आणि आतोबा सुरू झाले. आणि खरं सांगतो, सुंदर बोलले. डुगडुगणारी बोट, कुजलेली बिस्किटं, जंगलाच्या कडेला बांधलेली पहिली खोपटी, मक्याचं पीक घ्यायला तिथल्याच लोकांनी शिकवलं ते. चिरनेरहून बाजाराला आलेला एक म्हातारा शेतकरी, आत्याचा नेहमीचा तांदूळवाला, खांबाला टेकून ऐकत होता. तो मध्येच म्हणाला, "मास्तर, ते जंगल कुनाचं व्हतं? आदी रानारी मानसं व्हती ना तिथं? त्यांना कुनी इचारलं का नाय?"

आतोबा थांबले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू वर्षानुवर्षं याच माणसाची वाट बघत होते. "शाबास! हाच प्रश्न त्यांच्यातल्याच एकानं विचारला होता."

"मंग?"

"मग त्याला गावाबाहेर काढला. ऐन थंडीत."

"आमच्याकडं तर जंगलच्या सत्याग्रहात सरकारनं गोल्या घातल्या," म्हातारा म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे वळलेल्या माना एकदम त्याच्याकडे फिरल्या. त्या क्षणी व्याख्यानमाला आतोबांच्या खिशात होती.

आणि वाटी बुडाली. गुडुप असा आवाज झाला, आणि जन्मभर लग्नांत जे ऐकलं त्या सवयीने मागच्या बाजूचे कुणी आजोबा खणखणीत आवाजात ओरडले, "शुभमंगल सावधान!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बायकांनी अक्षता टाकायला हात उचललेसुद्धा. लग्न लागल्यावर काय असतं हे प्रत्येकाला ठाऊक. सगळे उठले आणि पंगतीच्या हिशेबाने भिंतीकडेने बसू लागले. आतोबांनी शांतपणे वाटी उपसून पुन्हा पाण्यात सोडली.

"मास्तर," चिटणिसांनी विचारलं, "फराळ आधी की नंतर?"

"फराळ नाही. उपास आहे."

हे वाक्य पनवेलच्या इतिहासात त्याआधी कुणी उच्चारलं नसावं. दुसरी वाटी अर्धी भरायच्या आत ओटी रिकामी झाली. म्हातारा तेवढा थांबला होता, पण त्याचा गाडीवान हाका मारू लागला. "येतो मास्तर," तो म्हणाला, "गोष्ट चांगली हाय. पोट भरल्यावर सांगायची हाय." चिटणीस चपला शोधता शोधता पुढल्या वर्षाबद्दल काहीतरी पुटपुटले, ते नकारार्थी होतं.

आतोबा रिकाम्या ओटीसमोर बोलतच राहिले. वाटी भरायची होती ना! ते त्या बर्फातल्या बाईपाशी आले, बोट आली नाही तिथपर्यंत आले, आणि थांबले, कारण पानंच तिथे संपत होती. वाटी बुडाली. मी ती उपसायला वाकलो, इतक्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आत्या दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मग?" ती म्हणाली. "पुढं काय झालं तिचं?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी होती आणि विनवणीही. "बोट वाटेत आहे," ते म्हणाले. "वारा पडलाय. उद्या सांगतो."

त्यानंतर मी शनिवारी गेलो की दुपारी आत्या सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली आणि आतोबा ते फाटकं पुस्तक मांडीवर धरून, त्यात नसलेली पानं वाचत असलेले. बोट एकदा वादळात सापडली, एकदा भलत्याच बंदराला लागली, एकदा तिच्यावर देवीची साथ आली. "तुमची बोट म्हणजे उरणची लाँचच दिसतेय," आत्या म्हणे, पण उठत नसे. पुढल्या वर्षी एक वक्ते आयत्या वेळी आजारी पडले तेव्हा चिटणीस धावत घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, उद्याच बोला." आतोबांनी झोपाळा थांबवला. "नाही जमायचं," ते म्हणाले. "हिला अजून पुढचं सांगून झालं नाही. हिच्याआधी गावाला कसं सांगू?"

आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा त्यांचे दिवस होऊन पाहुणे पांगल्यावर दुपारी मी ओटीवर बसलो होतो. आत्या सूप घेऊन आली, नेहमीच्या जागी बसली. थोड्या वेळाने वर न बघता म्हणाली, "तुला येतं ना रे इंग्रजी?"

मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि शेवटचं पान उघडलं. फाटकी कड अंगठ्याखाली झाकली.

"अजून वाराच पडलाय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "शिडं दिसायला लागलीत, आत्या."

तिने सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.