४७ पुढची फुली

"बाबूजी, आग थांबवली हाये. पण तुमी या आता," फोनवर तायडे म्हणाले. "कागद जाळून राहिलो, अन् कपड्याचा वास कावून येऊन राहिला?"

मी तेव्हा अमरावतीच्या मुख्य कार्यालयात कारकून होतो. तायडे अकोला शाखेचे रेकॉर्ड कीपर. घराण्यातले पहिले सरकारी नोकर. हेड क्लार्कची बढती त्यांना मिळणार, हे ठरल्यात जमा होतं.

मुदत संपलेल्या फाइली जाळायचा हुकूम निघाला होता. एकेक नंबर लिहायचा तर आठवडा गेला असता. मी अकोल्याला एका ओळीत चिठ्ठी लिहिली. '४७-' आणि पुढे फुली. म्हणजे ज्या फाइलीचा नंबर ४७ ने सुरू होतो ती जाळा, पुढे काहीही असो. अमरावतीत आधी करून पाहिलं होतं. नेमक्या हव्या त्याच फाइली निघाल्या.

कपड्याचा वास म्हणजे नकाशे. जमिनीचे नकाशे कापडावर चिकटवलेले असत, आणि ते फक्त कायम जपायच्या फाइलींत. आमचं रजिस्टर काखेत मारून मी दुपारी अकोल्याला पोचलो. मागच्या अंगणात ओला ढीग धुमसत होता. तायडे बादली घेऊन उभे.

"चिठ्ठीत होतं तसंच केलं."

"मग नकाशे आले कुठून?"

"तेच तर तुमाले विचारून राहिलो."

दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवली. तिसऱ्या पानावर कळलं. कायमच्या फाइलीला 'अ' लावायची रीत दोन्हीकडे होती. अमरावतीत तो आधी लावत: अ-४७-१२. अकोल्यात शेवटी: ४७-१२-अ. अमरावतीत त्या फाइली माझ्या फुलीत आल्याच नाहीत. अकोल्यात सगळ्या आल्या.

"म्हंजे चिठ्ठीच चुकली," तायडे सावकाश म्हणाले. "बरं झालं, लेखी हाये."

"बघू," मी म्हणालो. त्यांनी चिठ्ठी दिली. मी परत केली नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "चिठ्ठीत काय होतं?"

"'अ' सोडून बाकीच्या जाळा, असं," मी म्हणालो.

"तायडे, चिठ्ठी दाखवा."

"बाबूजीले देली होती, साहेब."

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. ती माझ्या कोटाच्या खिशात होती.

तायड्यांची बढती गेली. त्यांना नांदगाव खंडेश्वरला आवक-जावकच्या टेबलावर पाठवलं. त्यांनी वास ओळखला म्हणून निम्मे नकाशे वाचले, हे अहवालात नाही. अहवाल मीच टाइप केला होता.

पुढे एकदा मोझरीच्या स्टँडवर ते भेटले. म्हणाले, "काय बाबूजी, सापडली का चिठ्ठी?"

"शोधतोय," मी म्हणालो.

ते हसले आणि गाडीत चढले. पुन्हा भेट झाली नाही.

गेल्या महिन्यात ती चिठ्ठी मी त्यांच्या मुलीला नेऊन दिली. तिने वाचली, घडी घातली, आणि पाणीही न विचारता दार लावलं.

जाळायच्या फाइलींची यादी एकेक नंबर लिहूनच करावी. आठवडाच गेला असता.