उजवीकडचा कठडा

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढते आणि घरी आल्यावर विमानाची दारं. कॉम्प्युटरवर विमानं उडवणारी आम्ही आठ-दहा हौशी माणसं आहोत. खेळ म्हटलेलं आमच्यात खपत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. खरं प्रवासी विमान बघून आम्ही तसंच्या तसं कॉम्प्युटरसाठी तयार करतो आणि फुकट वाटतो. एकाकडे पंख, एकाकडे इंजिन. माझ्याकडे दारं आणि दारातल्याच घडीच्या पायऱ्या. "बेन, दार कोण बघतंय?" असं ऑफिसातले गुजराती सहकारी हसून विचारतात. मी बघते. का बघते तेही सांगते.

माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून कॅलिपर आहे, आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचा. जिना मी चढते, फक्त उजव्या हाताला धरायला काहीतरी लागतं. दांडिया बाजारात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथे रोज अशीच चढते, भाजीची पिशवी गळ्यात अडकवून. चार वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नाला दिल्लीला निघालो. छोटं जेट होतं, पायऱ्या त्याच्या दारातूनच खाली आलेल्या. कठडा फक्त डावीकडे. "उजवीकडे काही नाही का?" मी विचारलं. "नाही मॅडम," विमान कंपनीची माणसं म्हणाली, आणि त्यांच्यातल्या दोघांनी मला चाकांच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं. मी ओरडत होते, थांबा, मी चढते! मागून माझा दादा म्हणाला, "अगं, कशाला तमाशा? लोक बघतायत." बघतच होते लोक. गोण उचलावी तसं मला वर नेलं. लग्नात मी कुणाशी धड बोलले नाही.

गेल्या वर्षी आमच्या गटाने नेमकं तेच जेट करायला घेतलं. दाराचे फोटो मोठे करून बघताना उजव्या कडेला, दाराच्या आतल्या अंगाला, मला एक चपटी नळी दिसली. आणखी फोटो शोधले. बिजागरी, खटका, सगळं होतं. अगं बाई, दुसरा कठडा! घडी घालून ठेवलेला. म्हणजे त्या दिवशीही तो तिथेच होता आणि उघडायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रडलेही, खोटं कशाला बोलू.

मग मी तो केलाच. असा केला, की कठडा मिटवल्याशिवाय पायऱ्या वर येणार नाहीत आणि दार लागणार नाही, कारण खऱ्या विमानातही तसंच असतं. झालं! विमान तपासून बघणाऱ्यांच्या तक्रारी सुरू. घाईघाईत दाराचं बटण दाबायचं नि म्हणायचं, तुझं दार बिघडलंय. आमच्या गटाचा म्होरक्या पुण्याचा. त्याचा फोन आला, "ताई, तो उजवा कठडा काढून टाक ना. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"तेच तर!" मी म्हटलं. "कठडा काढायचा तर आधी मला गटातून काढ."

"अगं, एका दांडीसाठी?"

"हो, एका दांडीसाठी."

आठ दिवस अबोला चालला. कठडा राहिला.

यंदा मावसबहिणीकडे बारसं होतं. पुन्हा दिल्ली, पुन्हा दादा बरोबर, पुन्हा तेच जेट. दोघंजण खुर्ची घेऊन आले. "बेन, बेसी जाव."

"नाही बसत."

"सुरू झालं हिचं," दादा पुटपुटला.

विमानाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला मी खालूनच सांगितलं, उजवीकडचा कठडा उघडा. ती म्हणाली, तिकडे कठडा नाहीये मॅडम. "आहे! दाराच्या आतल्या कडेला लाल खटका आहे. तो दाबा आणि नळी वर ओढा." मागे रांग खोळंबली होती. आवाज मोठा लावला होता खरा, पण खात्री कुठे होती? मी तरी फोटोवरूनच काढलेला ना तो! खटका सापडला नसता तर पुन्हा तीच खुर्ची, आणि वर दादाने जन्मभर ऐकवलं असतं.

ती वाकली. खट् आवाज झाला आणि कठडा वर आला.

सात पायऱ्या. प्रत्येकीची उंची मला मिलिमीटरपर्यंत पाठ होती. उजवा पाय वर टाकायचा, कठडा घट्ट धरायचा, डावा ओढून घ्यायचा. चौथ्या पायरीवर दादाचा हात पाठीला लागला.

"हात काढ," मी म्हटलं. त्याने काढला.

वर पोचले तेव्हा मी घामाने निथळत होते. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली होती. मला धाप लागलेली, तरी तिला सांगितलंच, "दार ओढायच्या आधी तो कठडा मिटवा हं. नाहीतर दार लागणार नाही."